सुरीचं टोक कुणाकडे

पपा दिवसाढवळ्या घरात दिसले की आजही मला आधी धसका बसतो. खरं म्हणजे ते घरी असावेत म्हणूनच आम्ही ऑस्ट्रेलियाला आलो होतो. वसईला असताना ते मालवाहू जहाजांवर होते. वर्षातला मोठा भाग समुद्रावर आणि उरलेला घरात पाहुण्यासारखा. मग वॉलॉंगॉंगच्या दक्षिणेला, पोर्ट केंबलाच्या बंदरात, टग चालवायची नोकरी मिळाली. टग म्हणजे मोठ्या जहाजांना दोरीने ओढत, ढकलत धक्क्याला लावणारी बुटकी, दांडगी बोट. त्या बोटीचे पपा मास्टर, म्हणजे कप्तान. "माझा खलाशी आता रोज घरी जेवतो," असं मम्मी वसईच्या मावश्यांना फोनवर सांगायची. आमचं भाड्याचं घर चढावर होतं. खिडकीतून बंदर दिसत नसे, पण ऐकू येई: स्टीलवर्क्सची न थांबणारी घरघर, कोळशाच्या गाडीचे डबे एकमेकांवर आदळत जाण्याचा आवाज आणि जहाजांचे भोंगे. जेवता जेवता पपा मान वर न करता सांगायचे, हा बाहेर चाललाय, हा आत येतोय. मी सोळा वर्षांची असताना, त्या हिवाळ्यात, ते सगळे भोंगे पपांनी घरात बसून ऐकले आणि कुठला कोण ते सांगणं बंद केलं.

मला इंग्रजीत लिहिणं सोपं जातं. शाळा सगळी इंग्रजी, वसईतही आणि इथेही. पण हे मी मराठीत लिहितेय, कारण त्या काळात आमच्या घरातली भीती मराठीत बोलायची. तीही हळू आवाजात. शेजारच्यांना एक अक्षर कळणार नव्हतं, तरी.

झालं असं होतं. एका सकाळी, उजाडता उजाडता, जहाजाला बांधलेली दोरी ताणावर आली आणि तुटली. ताणलेली दोरी तुटली की चाबकासारखी उलटी येते. ती टगच्या मागच्या डेकवर उभ्या असलेल्या ब्रेटच्या हातावर बसली. ब्रेट हा पपांचा डेकहँड, म्हणजे डेकवरचा खलाशी. पन्नाशीचा, उन्हाने लाल झालेल्या मानेचा, आमच्याकडे येऊन बोंबलाचं कालवण खाणारा आणि रुमालाने घाम पुसत "नो वरीज" म्हणत आणखी वाढून घेणारा माणूस. त्याचा हात मोडला. कंपनीने चौकशी लावली आणि ती होईपर्यंत पपांना घरी बसवलं. चौकशी सगळी एका गोष्टीवर येऊन थांबत होती. दोरीवर ताण घेण्याआधी मास्टरने मागच्या डेकला हाक द्यायची असते, "क्लिअर आफ्ट", आणि माणूस बाजूला झाल्याशिवाय ताण घ्यायचा नसतो. पपांनी ती हाक दिली होती का? ब्रेट म्हणत होता, मला ऐकू आली नाही, पण त्या इंजिनाच्या आवाजात काय ऐकू येणार. ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं. म्हणजे पपा सांगतील ते. हाक दिली म्हटलं तर चूक ब्रेटची, तो हलला नाही. नाही दिली म्हटलं तर चूक पपांची. आणि पपांच्या नोकरीवर आमचा तिघांचा व्हिसा होता. नोकरी गेली तर ठरावीक मुदतीत दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर बॅगा भरायच्या.

"तू हाक दिलीस," मम्मी म्हणायची. विचारायची नाही, सांगायची.

"देतोच मी."

"मग तसं सांग त्यांना."

"रोज देतो म्हणून आठवतंय, की त्या दिवशी दिली म्हणून आठवतंय, हे मला वेगळं करता येत नाहीये, सिल्वी."

"तुला वेगळं करायला सांगितलंय कुणी?"

हे बोलणं स्वयंपाकघरात व्हायचं आणि मी बाहेरच्या खोलीत केमिस्ट्रीचं पुस्तक उघडून बसलेली असायचे. पान उलटायचा आवाज अधूनमधून करायचा, म्हणजे मी अभ्यास करतेय असं त्यांना वाटेल, ही युक्ती मी स्वतःच शोधून काढली होती. मनातून मी मम्मीच्या बाजूची होते. म्हणा ना, दिली हाक. एवढंच तर म्हणायचंय.

पपांचे हात रिकामे राहिनात. त्यांनी भाड्याच्या घराच्या छपराच्या पन्हळी साफ केल्या, दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, आडवारी फुगे तळले. फुगे आमच्याकडे नाताळला किंवा लग्नाला होतात. यीस्ट घातलेल्या पिठाचे ते गोळे हाताच्या मुठीतून कढईत सोडायचे असतात. मंगळवारी शाळेतून आले तर टेबलावर परातभर फुगे आणि पपा खुर्चीत बसलेले. खाणार कोण? मम्मी वृद्धाश्रमात केअररच्या दोन-दोन शिफ्ट करत होती. वसईला ती नर्स होती. इथलं रजिस्ट्रेशन व्हायचं होतं. ती घरी आली, परातीकडे पाहिलं आणि म्हणाली, "कुणाचं लग्न आहे?" पपा हसले. ती हसली नाही. फोन ओट्यावर थरथरला की तिघंही थांबायचो. तो कंपनीचा आहे की वसईचा, हे मी थरथरण्यावरून ओळखायला बघायचे, जसं काही फोन त्यातही फरक करतो. संध्याकाळच्या रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला, मम्मी शेवटी एक जादा नमो मारिया जोडायची. कुणासाठी ते बोलायची नाही.

समोरच्या घरात डॉट राहायची. ऐंशीच्या पुढची, एकटी, ताठ पाठीची. तिच्या डोळ्यांना समोरचं दिसत नसे, कडेचं तेवढं दिसे. म्हणून ती माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघायची. लाजाळू मुलीला याहून सोयीचं माणूस मिळणं कठीण. गावातल्या इतिहासप्रेमी लोकांचं एक मंडळ होतं. त्यांनी डॉटला तिच्या आजोबांबद्दल बोलायला सांगितलं होतं. आजोबा ब्रिटिश नौदलात अधिकारी होते. डॉट सांगणार, मी लॅपटॉपवर टाइप करणार आणि कार्यक्रमाच्या दिवशी वाचूनही मीच दाखवणार, असं तिने मम्मीशी परस्पर ठरवून टाकलं. चारचौघांत वाचायची मला धास्ती होती. तरी मी हो म्हटलं, कारण शनिवारची दुपार घराबाहेर काढता येणार होती.

"बस, लव्ह," ती म्हणायची. "कुठे होतो आपण?" डॉट अर्थात इंग्रजीत बोलायची. मला ती आठवते मात्र मराठीत.

तिचे आजोबा, कमांडर हर्बर्ट ऑलिंग्टन, तेराव्या वर्षी नौदलात गेले. तेरा म्हणजे मी वसईहून विमानात बसले ते वय. बंदरात नांगरून ठेवलेल्या एका जुन्या लाकडी जहाजावर त्या मुलांची शाळा होती. प्रत्येकाची एक पेटी, तिच्यात सगळं जग, आणि पेटीत मोजे चुकीच्या बाजूला ठेवले तरी शिक्षा. सकाळी तोंड धुवायच्या पाण्यावर बर्फाची साय धरायची. झोपायला झोळ्या, पहिल्या रात्री त्यातून तो दोनदा पडला आणि रडला नाही, कारण रडणाऱ्याचं नाव पडायचं आणि ते म्हातारपणापर्यंत चिकटायचं. पुढे मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून तो मोठ्या युद्धनौकेवर गेला. दिवसभर डोलकाठ्यांवर चढायचं, छोट्या होड्या चालवायच्या, दुपारी सूर्याची उंची मोजून आपण पृथ्वीवर कुठे आहोत ते काढायचं. उत्तर चुकलं तर शिक्षक विचारायचे, "मिस्टर ऑलिंग्टन, तुमच्या हिशेबाने आपलं जहाज सध्या एका डोंगरावर आहे. डोंगरावरचा देखावा कसा आहे?" हे सांगताना डॉट हसायची आणि मीही हसायचे, आणि घरी जाऊन पपांना सांगायचे. पपा म्हणाले, "आमच्या कॅप्टनने मला एकदा जयपूरला पोचवलं होतं."

त्या आठवड्यातलं ते त्यांचं पहिलं हसणं. तेव्हापासून मी प्रत्येक शनिवारी कमांडरचं काहीतरी घरी नेऊ लागले, मावशीकडून डबा न्यावा तसं. चीनच्या नद्यांत उथळ पाण्याच्या गनबोटीवर काढलेली वर्षं. तिथला उकाडा, डास, आणि पांढरा गणवेश दिवसातून तीनदा बदलायची सक्ती. बढतीसाठी वाट बघणं, कारण त्या नौदलात वरचा माणूस निवृत्त होईपर्यंत खालच्याने वय वाढवत बसायचं. आणि मग पहिलं स्वतःचं जहाज, एक डिस्ट्रॉयर; लांब, अरुंद, वेगवान आणि आतून कायम ओलं. पपा प्रश्न विचारायचे. "किती माणसं? इंजिन कोळशाचं की तेलाचं? कप्तानाचा ब्रिज उघडा होता?" मला उत्तरं माहीत नसायची. पुढच्या शनिवारी मी डॉटला विचारून यायचे. डॉट म्हणायची, "तुझ्या पपांना पाठवून दे इकडे." पण पपा तेव्हा कुणाकडे जात नव्हते.

डॉटच्या घरात एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून पाहिली होती. चहाबरोबर ती फ्रूटकेक कापायची. कापून झाला की सुरी खाली ठेवण्याआधी ती थांबायची, टेबलाची कड बोटांनी चाचपायची, आणि सुरी कडेला अगदी समांतर ठेवायची. टोक ना माझ्याकडे, ना तिच्याकडे, भिंतीकडे. एकदा मी केकचा तुकडा घेऊन सुरी तशीच ठेवली. तिला दिसली नसणार, आवाजावरून कळलं असणार. हात लांबवून तिने ती फिरवली. मी पुष्कळ दिवस विचारलं नाही. मी विचारणाऱ्यातली नव्हते. शेवटी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आमच्या घरात सुरीचं टोक कुणाकडे करायचं नाही. मी लहान असताना एकदा केलं, तर आजोबा जेवण सोडून उठले होते."

आणि मग तिने आजोबांच्या तलवारीचं सांगितलं. ती तलवार तिच्या पॅसेजमध्ये दारावर लावलेली होती. मी दर शनिवारी तिच्याखालून जात होते. डिस्ट्रॉयरवर असताना एका धुक्याच्या पहाटे ऑलिंग्टनचं जहाज खडकावर चढलं. माणसं वाचली, जहाज गेलं. ब्रिटिश नौदलात जहाज गमावलं की कप्तानाचं कोर्ट मार्शल ठरलेलं, चूक असो वा नसो. त्याच्याबरोबर दिशा काढणाऱ्या नॅव्हिगेटरचंही. तो लेफ्टनंट हेल नावाचा तरुण होता. बंदरातल्या मोठ्या जहाजावर सकाळी एक तोफ उडवायची, झेंडा चढवायचा, म्हणजे सगळ्यांना कळावं की आज एका अधिकाऱ्याचा निवाडा आहे. आरोपीने आपली तलवार काढून द्यायची. ती न्यायाधीशांसमोरच्या टेबलावर आडवी ठेवतात. आरोपीला बाहेर पाठवून निर्णय होतो आणि त्याला परत आत बोलावतात. कुणी काही बोलायच्या आत त्याने टेबलाकडे बघायचं. तलवारीची मूठ त्याच्याकडे असेल तर तो सुटला. टोक असेल तर दोषी.

"मूठ होती," डॉट म्हणाली. "टाइप कर. सन्मानाने निर्दोष."

मी टाइप केलं.  दार उघडून आत यायचं आणि टेबलाकडे बघायचं, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं. मला ती पद्धत दयाळू वाटली की भयंकर, हे अजूनही ठरवता येत नाही. मूठ होती हे मात्र मी घट्ट धरून ठेवलं. जहाज गेलं तरी मूठ. मग दोरी तुटली तर मूठ का नाही?

रात्रीच्या जेवणाला मी तो किस्सा सांगितला. मम्मी म्हणाली, "बघ. त्यालाही सोडलं."

पपा म्हणाले, "आमच्याकडे तलवार नसते, बाय. आमच्याकडे एचआर असतं." मग भात कालवत, "तो नॅव्हिगेटर होता ना, त्याचं काय?"

"माहीत नाही. डॉटने सांगितलं नाही."

"विल्सन," मम्मी म्हणाली, "त्याचं त्याचं झालं असेल काहीतरी. तू तुझं बघ." तिने त्यांच्या ताटात आणखी एक बोंबील वाढला आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मंगळवारी चौकशीत तू सांगणार आहेस. ठरलंय ना आपलं?"

पपांनी मान हलवली. ती मान हो म्हणून हलली होती. मी पाहिलं. त्या रात्री कित्येक आठवड्यांनी मम्मीला भांडी घासताना गुणगुणताना ऐकलं. मलाही बरं वाटलं, आणि अंथरुणावर पडल्यावर ते बरं वाटणं कुठेतरी टोचायला लागलं. ब्रेटचा प्लास्टरमधला हात डोळ्यांपुढे येत होता. त्यावर त्याच्या नातीने फेल्ट पेनने मासे काढले होते.

मंडळाचा कार्यक्रम मंगळवारच्या आधीच्या शनिवारी होता. लायब्ररीच्या मागच्या खोलीत. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहाचा मोठा थर्मास, खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टन केकचं ताट आणि पांढऱ्या केसांची वीसेक माणसं. डॉटने मोत्यांची माळ घातली होती. तलवार टेबलावर ठेवायची तिची तयारी नव्हती. तिने आजोबांची दुर्बीण आणली होती. पपा येणार नाहीत असं मला वाटलं होतं. मी उभी राहिले तेव्हा ते शेवटच्या रांगेत, दाराजवळ, जाकीट न काढता बसलेले दिसले. मी कागदाकडे बघून वाचलं. पहिल्या पानभर माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. बर्फाची साय, झोळी, डोंगरावरच्या देखाव्याचा प्रश्न. तिथे लोक हसले, आणि हसणाऱ्यांत पपाही होते, त्यांना आधीच माहीत असून. त्यानंतर जमलं. धुकं वाचलं, खडक वाचला, तोफ वाचली. मूठ वाचली. मग ऑलिंग्टन ऑस्ट्रेलियाच्या नव्या आरमारात उसने दिलेले अधिकारी म्हणून कसे आले, इथल्या पोरांना दिशा काढायला कसे शिकवत, महायुद्धात गस्त घालत कसे राहिले आणि निवृत्त झाल्यावर परत न जाता याच किनाऱ्यावर घर बांधून कसे राहिले, तेही वाचलं. टाळ्या झाल्या. मी खाली बसले.

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हात वर केला. श्रवणयंत्र नीट करत त्यांनी विचारलं, "आणि तो नॅव्हिगेटर? त्याचीही मूठच होती का?"

साधा प्रश्न होता. डॉट म्हणू शकली असती, मला माहीत नाही. तिने दुर्बिणीवरून हात काढून मांडीवर ठेवले. खोलीतल्या कुणाकडेच न बघता, म्हणजे तिच्या बाबतीत सगळ्यांकडे बघत, ती म्हणाली, "नाही. टोक."

 ती पुढे म्हणाली, "हेलने त्यांना वेग कमी करा म्हणून सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा. त्यांना ताफ्याला वेळेवर गाठायचं होतं. कोर्टाने विचारलं, तेव्हा माझे आजोबा म्हणाले, मला कुणी काही सांगितलं नाही. मटार सोलता सोलता त्यांनी मला हे सांगितलं. मी बारा वर्षांची होते. का सांगितलं, माहीत नाही. दुसरं कुणी नव्हतं म्हणून असेल. पुढे सगळं चांगलंच झालं त्यांचं, बढती, पदकं. घरात सुरी तेवढी कुणाकडे टोक करून ठेवायची नाही." मग ती जराशी हसली. "चहा गार होतोय, लोकहो."

डॉटला घरी सोडून आम्ही रस्ता ओलांडण्याऐवजी पुढे चालत राहिलो. पपांच्या हातात उरलेल्या लॅमिंग्टनचा डबा होता, डॉटने मम्मीसाठी दिलेला. खाली बंदरात एक भोंगा झाला. पुष्कळ दिवसांनी पपा म्हणाले, "आत येतोय." थोडं चालल्यावर, "हेलचं पुढे काय झालं?"

"डॉटला माहीत नाही. नौदल सोडलं म्हणे."

"हं." मग घराच्या फाटकाशी, "चांगलं वाचलंस, बाय."

मंगळवारी सकाळी मम्मीने त्यांचा शर्ट इस्त्री केला, खिशात रोझरी ठेवली आणि कॉलर सारखी करताना म्हणाली, "हाक दिली. एवढंच." पपांनी तिच्या हातावर हात ठेवला. मान हलवली नाही. मम्मीने ते पाहिलं की नाही, मला कळलं नाही. मी पाहिलं. दिवसभर शाळेत मी फळ्यावरचं उतरवून घेतलं आणि एक अक्षर वाचलं नाही.

पुढचं सगळं इथेच सांगून टाकते. कंपनीने त्यांचं मास्टरपद काढलं आणि मास्टर नाही म्हणून व्हिसाही राहिला नाही. मुदत संपत आली तेव्हा मम्मीचं रजिस्ट्रेशन झालं, तिच्या वृद्धाश्रमाने तिला नर्स म्हणून स्पॉन्सर केलं आणि व्हिसा तिच्या नावावर उभा राहिला. तोवर हातपाय हलवायला हवेत म्हणून पपा परत समुद्रावर गेले, आणि समुद्राने त्यांना लवकर सोडलं नाही. माझी युनिव्हर्सिटी, माझं ग्रॅज्युएशन, आमचा कायमचा रहिवास म्हणजे पीआर, या सगळ्यांत ते फोनवर होते, मागे इंजिनाचा आवाज. मम्मीने त्यांना त्या मंगळवारबद्दल क्षमा केली का, हे मी तिला विचारलेलं नाही. विमानतळावर पहिल्यांदा त्यांना सोडायला ब्रेट त्याची गाडी घेऊन आला होता. हात जोडला गेला होता, मनगट नीट वळत नव्हतं. वाटेत तो इथल्या फुटबॉलबद्दल बोलत राहिला आणि बॅग उतरवताना म्हणाला, "तू हाक दिली असशील, मेट." पपा म्हणाले, "असेन." आता मी दुसऱ्या शहरात, गुंगालिनला राहते, ट्रॅमने ऑफिसला जाते, आणि पपा निवृत्त होऊन मम्मीबरोबर वॉलॉंगॉंगला असतात. दिवसाढवळ्या घरात असतात. तरी मी गेले आणि ते दारात दिसले की तो धसका बसतोच.

पण त्या दुपारी यातलं काही ठाऊक नव्हतं. बसमधून उतरून मी चढ चढले. दाराला कुलूप नव्हतं. आत कांद्याचा वास येत होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मी थांबले आणि डोळे आपोआप टेबलावर गेले. लाकडी पाटावर अर्धा चिरलेला कांदा आणि शेजारी सुरी. टोक पपांच्या खुर्चीकडे. खुर्ची रिकामी होती. माझ्या कानात एकदम शांत झालं, स्टीलवर्क्सची घरघरसुद्धा थांबल्यासारखं.

मागच्या दाराने पपा आत आले. इस्त्रीचा शर्ट अंगात तसाच, बाह्या दुमडलेल्या, हातात अंगणातल्या झाडाची दोन लिंबं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मी जिकडे बघत होते तिकडे पाहिलं.

"अगं, ती अशीच पडलीय," ते म्हणाले. "लिंबं आणायला गेलो होतो."

 ते खुर्चीत बसले. लिंबं पाटावर ठेवली, एक गडगडलं, ते थांबवलं. "मी सांगितलं, मला आठवत नाही," ते म्हणाले. "दिली असेल, नसेल, आठवत नाही. त्यांनी तीनदा विचारलं."

"मग?"

"मग काय. आठवड्याभरात कळवतील. पण कळलंच." त्यांनी डोळे चोळले, कांद्यामुळे असेल. "मम्मीला मी सांगेन. तू आत थांब तेव्हा."

सुरीचं टोक अजून त्यांच्या छातीकडे होतं. मी दप्तर खाली ठेवलं, टेबलापाशी गेले आणि डॉट करायची तसं आधी बोटांनी टेबलाची कड चाचपली. मग सुरी फिरवली. भिंतीकडे नाही. मूठ त्यांच्याकडे.

पपा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मुठीला धरून सुरी उचलली आणि उरलेला कांदा चिरायला घेतला.